काठीची करवत घेताना या चुका टाळा: आधी फूट मोजणं थांबवा

आंब्याची शेवटची पेटी रवाना झाली की मला ठरावीक फोन यायला लागतात. ‘काका, ती लांब काठीची करवत असते ना, झाडाखाली उभं राहून फांद्या कापायची, तसली घ्यायची आहे. कुठली घेऊ?’ मी विचारतो, किती फुटी बघितलीस? पलीकडून मोठ्या अभिमानाने उत्तर येतं, ‘चोवीस!’

इथेच माझं डोकं फिरतं.

आमची बाग रत्नागिरी तालुक्यात, जुन्या हापूसची. झाडं तीस-पस्तीस फुटांपर्यंत गेलेली. पूर्वी दोरी कमरेला बांधून सरसर चढणारे गडी मिळायचे. आता जे आहेत ते आधी दुसऱ्याच्या बागेत असतात. त्यामुळे बांडगूळ काढणं, आतली सुकी काटकी साफ करणं, कौलांवर येणारी फांदी आखडती घेणं, ही कामं हळूहळू काठीच्या करवतीवर आली. इंजिनवाली किंवा बॅटरीवाली नव्हे, हाताने ओढायची साधी. गेल्या पंधरा वर्षांत मी अशा तीन करवती वापरून संपवल्या आणि लोकांनी विकत घेऊन गंजवलेल्या त्याहून कितीतरी जास्त पाहिल्या.

लांबीची हाव

माझा पुतण्या पुण्याला असतो. चार वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात तो गाडीच्या टपावर एक लांबलचक खोकं बांधून आला. एकात एक सरकणाऱ्या पाच नळ्यांची अॅल्युमिनियमची काठी, पूर्ण उघडली की चोवीस फूट. ‘काका, आता शिडीचं काम नाही आणि गड्याचंही नाही.’ मी म्हटलं, बघू.

चोवीस फुटी काठी उभी केली की तिचं टोक वाऱ्याशिवायसुद्धा हातभर डुलतं. पातं फांदीवर टेकवायलाच पाच मिनिटं. टेकलं की ओढायचं, तर अर्धी ओढ काठी वाकवण्यातच जाते आणि पातं जागचं हलत नाही. जोर वाढवला की खाचेतून उडी मारून बाजूला. दोन बारीक फांद्या त्याने कशाबशा पाडल्या. तिसरी मनगटाएवढी होती. अर्ध्यावर पातं अडकलं, याने हिसका दिला आणि मधल्या सांध्याचं प्लास्टिकचं कुलूप सुटलं. वरची नळी सर्रकन खालच्या नळीत आली आणि दोन्हींच्या मध्ये पोराच्या तळव्याची चिमट बसली. दोन टाके पडले. पातं मात्र वरच अडकलेलं, त्याला लटकून काठी लोंबतेय, खाली आमची म्हैस तिच्याकडे टक लावून बघतेय. संध्याकाळी वाडीतला एक गडी चढला तेव्हा ते उतरलं.

आता जरा हिशेब. उभ्या माणसाचे हात छातीच्या पुढे धरले तर जमिनीपासून साडेचार-पाच फुटांवर असतात. काठी सरळ डोक्यावर उभी धरून कापायचं नसतंच, कारण मग फांदीही डोक्यावरच येणार. तिरकी, साठ अंशांच्या आसपास धरायची. अशी धरलेली बारा फुटी काठी वर साधारण दहा फूट जाते. त्यात तुमच्या हाताची उंची मिळवा, पंधरा फूट झाले. सोळा फुटी काठी असेल तर एकोणीस. घरामागच्या आंब्या-फणसाला, पेरूला, शेवग्याला एवढं पुरून उरतं. त्याच्या वरची फांदी ज्याला झाडावर चढता येतं त्याने दोरी बांधून, हातातल्या करवतीने कापायची. ते काम काठीने करायला जाणं म्हणजे मुंबईत बसून इथलं कुंपण बांधणं.

म्हणून मी सोळा फुटांच्या वर जात नाही आणि नळ्या दोन, फार तर तीन. जितके सांधे तितक्या ढिलाईच्या जागा. नळी गोल नको, लंबगोल हवी. गोल नळी कुलूप जरा सैल झालं की आतल्या आत फिरते आणि पात्याचं तोंड भलतीकडे वळतं. लंबगोल फिरूच शकत नाही. कुलूप नुसतं पिळून आवळायचं असेल तर हात जोडा. भोकात बसणारी धातूची कळ आणि तिच्या जोडीला पट्टा, असं दुहेरी असेल तरच पैसे काढा.

दुकानात गेलात तर काठी पूर्ण उघडून बाहेर रस्त्यावर न्या, पातं शटरच्या वरच्या कडेला टेकवा आणि वीस वेळा ओढून बघा. दुकानदार वैतागतो. वैतागू दे. विसाव्या ओढीला खांदा भरून आला, तर दुपारभर काय होईल ते तिथेच कळतं. वजन किती, हे खोक्यावर वाचून उपयोग नाही. ते बुडाकडे आहे की टोकाकडे, यावर सगळं अवलंबून असतं, आणि ते हातात घेतल्याशिवाय समजत नाही.

खरं सांगायचं तर मी स्वतः बहुतेक वेळा माणग्याची काठी वापरतो. माणगा म्हणजे आपल्या कोकणातला तो जवळजवळ भरीव, बिनकाट्याचा बांबू. सरळ बघून तोडायचा, सावलीत आडवा ठेवून वाळवायचा, टोकाला बाजारात सुटं मिळणारं पातं पक्कं बसवायचं. अॅल्युमिनियमपेक्षा जड होतो, पण डुलत नाही आणि त्याला कुलूप नाही म्हणजे सुटायला काही नाही. फक्त पातं ‘करवतीचं’ हवं. लोखंड कापायच्या हॅक्सॉचं पातं सुतळीने बांबूला बांधून आलेले महाभाग मी पाहिलेत. त्यांनी झाडाला फक्त गुदगुल्या केल्या.

पात्यात काय बघायचं

ओढताना कापणारं, आतल्या बाजूला बाक असलेलं पातं घ्या. काठीने ढकलताना जोर देता येत नाही, ओढताना देता येतो, आणि बाकामुळे पातं आपोआप लाकडात रुतत राहतं. दात मोठे आणि मोकळे हवेत. ओल्या लाकडाचा भुसा चिकट असतो, तो बारीक दातांत बसला की करवत घसरायला लागते. तेरा-चौदा इंची पातं चार इंची फांदीला भरपूर झालं. त्याहून जाड फांदी काठीने कापूच नका.

दातांची टोकं निळसर-काळी दिसत असतील तर ती भाजून कडक केलेली आहेत. ती खूप टिकतात, पण बोथट झाल्यावर कानस चालत नाही, पातंच बदलायचं. तेव्हा घेतानाच विचारा, सुटं पातं मिळतं का? ‘मिळेल, मागवू’ या उत्तराचा अर्थ ‘मिळत नाही’ असा घ्यावा.

पात्याच्या टोकाशी आकडा असलेलाच नमुना निवडा. ओढताना पातं फांदीवरून निसटत नाही आणि तुटून अडकलेली फांदी खेचायलाही तो उपयोगी पडतो. दोरीची कात्री जोडलेले दोन-इन-वन नमुने मला आवडत नाहीत. दोरी दर दुसऱ्या काटकीत गुंतते आणि माणूस कापण्यापेक्षा सोडवतच बसतो.

दुसरी चूक, जी मी स्वतः केली

नवी करवत हातात आलेला प्रत्येक जण फांदी पहिल्याच घावात खोडापासून उडवायला बघतो. एक काप, काम फत्ते. मीही तेच केलं होतं.

विहिरीच्या बाजूच्या कलमाची एक आडवी फांदी, बुडाशी चार इंच जाड. पाऊस तोंडावर आला होता, मला घाई होती. खोडाला लागून वरून करवत धरली आणि ओढत सुटलो. दोन तृतीयांश काप झाला असेल, कडाड आवाज आला. फांदी तुटली, पण सुटली नाही. खालच्या सालीला धरून लोंबली आणि स्वतःच्या वजनाने खोडाची साल सोलत खाली आली. अडीच फूट लांब, वीतभर रुंद, आतलं पांढरं लाकूड उघडं. पंपाचा पाइपही फोडला तो वेगळाच. पुढच्या वर्षी त्या जखमेतून डिंक गळायला लागला, त्याच्या पुढच्या वर्षी बुंध्याशी भुसा दिसला. भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी कीड. तारेने अळ्या काढल्या, भोकं बुजवली, झाड वाचलं. पण ती बाजू वाळली ती वाळलीच. वडील तेव्हा होते. ते काही बोलले नाहीत, त्या खोडावरून हात फिरवून घरात गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

फांदीचं वजन किती असतं याचा आपल्याला अंदाज नसतो. चार इंच जाड, सहा फूट लांब तुकडा घ्या. ओलं लाकूड पाण्यापेक्षा थोडं हलकं धरलं तरी तो बारा-तेरा किलो भरतो, आणि यात बारीक फांद्या नि पाला धरलेलाच नाही. एवढं सगळं एका बाजूला लोंबतंय आणि तुम्ही वरून कापताय, तर साल फाटणारच.

पुस्तकात याला तीन घाव सांगतात. खोडापासून फूट-दीड फूट बाहेर आधी खालून खाच, मग तिच्या थोडं पुढे वरून काप, आणि शेवटी राहिलेली खुंटी जागेवर कापायची. हातातल्या करवतीने हे सोपं आहे. काठीच्या करवतीने खालून खाच पाडणं म्हणजे कसरत, कारण दात बाकाच्या आतल्या बाजूला असतात. काही पात्यांना साल कापायची चोच असते, तिने फांदीच्या पोटाकडून साल तेवढी चिरून घेता येते. ती नसेल तर माझी रीत: टोकाकडून सुरुवात. तीन-तीन फुटांचे तुकडे पाडत खोडाकडे यायचं. वाटेत कुठे साल फाटली तरी बिघडत नाही, तो भाग जाणारच असतो. शेवटी हातभर खुंटी राहिली की तिच्यात खोड सोलण्याइतकं वजन उरत नाही. एका फांदीला अर्धा तास लागतो. ज्याला अर्धा तास नाही त्याने करवत घेऊ नये, फोटो काढून समाधान मानावं.

शेवटचा काप कुठे, यावरही घोळ होतो. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर, सुरकुतलेली कड असते. तिच्या बाहेर कापायचं. ती कड छाटून खोड गुळगुळीत केलं तर जखम मोठी होते. बाहेर लांब खुंटी सोडली तर ती कुजते आणि कुज आत नेते. अमेरिकेच्या वनखात्यातले अॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवलं की झाड जखम ‘भरून’ काढत नाही, आतल्या आत भिंती घालून कुजलेला भाग कोंडून टाकतं. ती कड त्या बंदोबस्ताची जागा आहे.

शायगो जखमेवर लेप लावण्याच्या विरोधात होते. मी तरीही लावतो. त्यांच्याकडे आमच्यासारखा चार महिने धो-धो पाऊस नव्हता आणि भिरूडही नव्हती. बोर्डो पेस्ट: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत विरघळवून मग एकत्र. लोखंडी विळा बुडवून बघायचा, तांबूस झाला तर चुना कमी पडलाय. लेप त्याच दिवशी, ब्रश काठीला बांधून.

आता भराभर

विजेची तार. यात माझं मत वगैरे काही नाही. अॅल्युमिनियमच्या काठीतून वीज सरळ तुमच्यात येते आणि ओला बांबूही भरवशाचा नाही. गावातल्या अकरा हजार व्होल्टच्या तारा बहुधा उघड्याच असतात. काठीची पूर्ण लांबी अधिक दहा फूट, एवढ्या टप्प्यात तार असेल तर महावितरणला कळवून लाइन बंद करून घ्या. ‘मी जपून करतो’ म्हणणाऱ्यांना माझ्या बागेत प्रवेश नाही.

बांडगूळ काढताना नुसता त्याचा झुपका ओरबाडू नका, तो परत फुटतो. गाठीच्या खाली, खोडाच्या बाजूला वीतभर सोडून फांदीच कापा. आणि त्याला फळं धरण्याआधी. फुलटोच्या नावाचा चिमुकला पक्षी ती चिकट फळं खातो आणि बिया शेजारच्या झाडावर पुसून येतो.

चष्मा घाला. वर बघताना भुसा थेट डोळ्यात येतो आणि आंब्याचा चीक कातडीलाही भाजतो.

आधी झाडाभोवती एक फेरी मारा. ओंबील म्हणजे पानं जोडून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या, त्यांचं घरटं हललं तर नाचाल. आग्या मोहोळ हललं तर पळता येईलच असं नाही.

पावसात, ओल्या कातळावर उभं राहून कापू नका.

शहरात, नगरपालिकेच्या हद्दीत असाल तर झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी फांदी तोडण्याआधी परवानगी काढा. त्यासाठी 1975 पासून राज्याचा कायदा आहे, आणि शेजारी फोटो काढायला तयारच असतो.

काम झालं की पातं रॉकेलच्या बोळ्याने पुसा, वरून तेलाचा हात फिरवा. चीक रात्रभर राहिला की सकाळी डांबर होतो. काठी कोपऱ्यात उभी ठेवू नका, वाकते. आडवी टांगा.

पुतण्याची चोवीस फुटी आमच्या पडवीत अशीच आडवी टांगलेली आहे. पातं काढून टाकलं. पावसाळ्यात तिचं वलण होतं, घरच्या सगळ्यांचे कपडे तिच्यावर वाळतात. मधलं कुलूप अजून सरकतं, म्हणून तिथे सुतळी गुंडाळली आहे.