हिप बदलून घरी आलात? या चुका टाळा, आणि गुडघेवाल्यांचे सल्ले आधी टाळा

मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीत गुडघे बदललेली दोन-चार माणसं सहज भेटतात. हिप, म्हणजे खुब्याचा सांधा, बदललेलं माणूस त्यामानाने कमी. त्यामुळे हिपचं ऑपरेशन करून कोणी घरी आलं की भेटायला आणि शिकवायला येतात ते बहुतेक गुडघेवाले. "वाकवा हो, दुखलं तरी वाकवा, नाहीतर आखडून बसेल," असं खालच्या मजल्यावरच्या काकू छातीठोकपणे सांगतात. त्यांच्या गुडघ्यापुरतं ते बरोबरच असतं. हिपला तोच सल्ला लावला तर सांधा निखळू शकतो.

मी घरोघरी जाऊन व्यायाम करून घेणारी फिजिओ. पण पहिल्या भेटीत व्यायाम थोडाच होतो. बराचसा वेळ सोफा, कमोड, बादली आणि पायपुसणं यांच्यातच जातो. हिपचे पेशंट घरात चुकतात ते हट्टापायी कमी आणि आपल्या घरांत सगळंच बुटकं आणि अडचणीत असतं म्हणून जास्त.

ऑपरेशन पुढून झालं की मागून?

एवढ्या साध्या प्रश्नाचं उत्तर अनेक घरांत कोणालाच देता येत नाही. आणि बंधनं तर त्यावरच ठरतात. सांध्यापर्यंत मागच्या बाजूने गेले असतील, तर तिथले स्नायू आणि सांध्याभोवतीचं आवरण शिवलेलं असतं. ते भरून येईपर्यंत तीन गोष्टी जपायच्या. मांडी आणि धड यांच्यातला कोन काटकोनापेक्षा लहान होऊ द्यायचा नाही. पायावर पाय टाकायचा नाही, झोपेतसुद्धा. आणि ऑपरेशनच्या पायाचं पाऊल आतल्या बाजूला वळवायचं नाही. पुढून ऑपरेशन झालं असेल तर काळजी वेगळी: पाय मागे ताणणं आणि बाहेरच्या बाजूला जोरात वळवणं टाळायचं. ही बंधनं साधारण ६ ते १२ आठवडे असतात. काही सर्जन ती बरीच सैल ठेवतात, काही कडक. म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच कार्डावर लिहून घ्या, कुठून ऑपरेशन, काय बंद, किती दिवस. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला कोणाचा तरी व्यायामाचा तक्ता त्यानंतर बघा. खरं तर बघूच नका.

हिपचे पेशंट म्हणजे सगळे सत्तरीचे, असंही नाही. आपल्याकडे एव्हीएन, म्हणजे मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो खचणं, हे या ऑपरेशनचं मोठं कारण आहे, आणि त्यात चाळिशीतले, कधी तिशीतलेही असतात. आजी-आजोबा घाबरून हलत नाहीत, तर हे तिसऱ्या आठवड्यात वॉकर कोपऱ्यात लावून मोकळे होतात. मला विचाराल तर या तरुण पेशंटची काळजी जास्त वाटते.

बुटकं फर्निचर

बसल्यावर गुडघा कंबरेपेक्षा वर गेला की काटकोन मोडला. आपला सोफा-कम-बेड, दिवाण, बाल्कनीतला मोढा, सगळेच इथे नापास. पेशंटला उभं करा, जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या वळीपर्यंत टेपने मोजा आणि त्यात दोन-तीन इंच मिळवा. बसायची जागा निदान तेवढी उंच हवी. आणि ही उंची माणूस बसलेला असताना मोजायची. दिसायला ऐसपैस सोफा बसल्यावर चार इंच खचतो, आणि फसगत होते ती तिथेच.

यावर उपाय खर्चाचे नाहीत. दिवाणाच्या चारी पायांखाली खाचा पाडलेले लाकडी ठोकळे कोणताही सुतार करून देतो; विटा लावू नका, त्या सरकतात. बसायला हात असलेली खुर्चीच हवी. एकसारख्या दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकात एक घातल्या तर थोडी उंची वाढते आणि पायही फाकत नाहीत. चाकांची ऑफिसची खुर्ची मात्र नको.

उठतानाची चूक तर जवळजवळ प्रत्येक घरात दिसते. पेशंट वॉकरचे दोन्ही दांडे धरतो आणि स्वतःला वर ओढतो. वॉकर पुढून उचलला जातो, धड पुढे झुकतं आणि नेमका नको तो कोन तयार होतो. बरोबर क्रम असा: पाठ मागे ठेवून खुर्चीच्या कडेपर्यंत सरका, ऑपरेशनचा पाय पुढे सोडा, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर दाबा, चांगल्या पायावर जोर देऊन उठा. पूर्ण उभं राहिल्यावर मगच वॉकर. बसताना हेच उलटं: खुर्ची पोटऱ्यांना टेकेपर्यंत मागे या, हात मागे न्या, पाय पुढे, मग सावकाश.

आणि फोन. जमिनीवर पडलेला मोबाइल उचलायला माणूस इतका पटकन वाकतो की बंधन आठवेपर्यंत वाकून झालेलं असतं. फोन गळ्यात अडकवा. वस्तू उचलायचा लांब दांड्याचा चिमटा मेडिकल साहित्याच्या दुकानात मिळतो, तो हाताशी ठेवा. चप्पल टाच बंद असलेली आणि न वाकता पाय सरकवता येईल अशी. मॅक्सी घोट्याच्या वर. लोळणारी मॅक्सी वॉकरच्या पायाखाली येते.

बाथरूम

भारतीय संडास या काळात बंदच. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला असेल तर घरातच भांडं असलेली कमोडची खुर्ची ठेवा. लाज वाटते, पण थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. मुंबईत अशी खुर्ची, वॉकर, पलंग भाड्याने मिळतात, आणि अनेक सामाजिक संस्था अनामत घेऊन रुग्णसाहित्य वापरायला देतात. विकत घेण्याआधी विचारून बघा. घरी पाश्चात्त्य कमोड असला तरी तोही बहुधा बुटका असतो. त्यावर बसवायची उंच सीट चार-सहा इंचांची मिळते. ती हलत नाही ना, हे आधी घरच्या धडधाकट माणसाने बसून पाहावं. जेटचा पाइप इतका लांब हवा की अंग पिळून मागे वळावं लागू नये.

आंघोळीची गंमत वेगळीच. पाट काढून टाकतात, उंच स्टूल आणतात, सगळे खूश. पण बादली खालीच! मग प्रत्येक तांब्याला पेशंट खाली वाकतो. बादली दुसऱ्या भक्कम स्टुलावर ठेवा, नाहीतर हँड शॉवर लावा. पाठीला आणि पावलांना साबण दुसऱ्या कोणी तरी लावू द्या.

ऑपरेशनच्या आधीच वॉकर आणि बाथरूमचं दार, दोन्ही मोजा. जुन्या बिल्डिंगमध्ये दार इतकं अरुंद असतं की वॉकर सरळ आत जातच नाही. मग पेशंट वॉकर बाहेर ठेवून बेसिनला धरत आत जातो. त्याऐवजी बाजूने, एकेक पाऊल टाकत, वॉकरसकट आत जायला फिजिओकडून शिकून घ्या. दारातला मार्बलचा उंबरठा ठळक दिसावा म्हणून त्यावर रंगीत पट्टी चिकटवा. सगळी पायपुसणी उचला. पावसाळ्यात लादी वाळतच नाही, त्यामुळे लादी पुसल्यावर पंखा लावून ती कोरडी होईपर्यंत पेशंटने पलंगावरून उतरायचं नाही, हे कामवाल्या ताईंनाही सांगून ठेवा.

वॉकर लवकर सोडणं

दोन-तीन आठवड्यांत दुखणं कमी होतं आणि माणसाला वाटतं, झालं. नितंबाच्या बाजूचे स्नायू तोवर अशक्तच असतात. आधार सोडला की माणूस डुलत, लंगडत चालतो आणि मग ते लंगडणं अंगवळणी पडतं. पुढे ते काढायला महिने जातात. वॉकरवरून काठीवर कधी यायचं ते सर्जन किंवा फिजिओ ठरवतील. काठी धरायची ती ऑपरेशनच्या पायाच्या विरुद्ध हातात. डावं हिप, तर उजवा हात. हे ऐकून निम्मे लोक माझ्याशी वाद घालतात, मग चालून बघतात आणि गप्प होतात. काठीची मूठ मनगटाच्या वळीपाशी यावी. टोकाचं रबर झिजलं की बदला.

वळताना पाऊल जमिनीला रोवून अंग गर्रकन फिरवू नका, छोटी पावलं टाका. दहा बाय बाराच्या खोलीत हे कंटाळवाणं वाटतं, पण सांधा निखळतो तो अशाच बेसावध वळणावर.

जिन्याचा नियम: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर हॉस्पिटलमध्ये असतानाच हे सांगा आणि तिथल्या जिन्यावर सराव करूनच बाहेर पडा.

व्यायाम किती झाला याचं माप दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतं. रात्रभर पाय वर ठेवूनही सूज आणि दुखणं वाढलेलंच असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं, निम्म्यावर या. दिवसातून एकदा लांब फेरी मारण्यापेक्षा चार-पाच छोट्या फेऱ्या बऱ्या. आणि एका जागी तास-दीड तास टीव्हीसमोर बसणं नको.

उशी चुकीच्या जागी

आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवून दिवसभर पडून राहतात. त्याने हिप थोडं वाकलेल्या स्थितीतच आखडतं आणि मग सरळ उभं राहता येत नाही. कुशीवर झोपायची परवानगी असेल तर उशी दोन पायांच्या मध्ये हवी, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत. आजूबाजूला कोणी "तेल लावून चोळून देते" म्हणालं तर हात जोडा. जखमेला तेल-हळद नको, आणि पोटरी चोळणं तर अजिबात नको. आत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

गोळ्यांचा घोळ

रक्त पातळ ठेवणारी गोळी किंवा इंजेक्शन स्वतःहून बंद करणं ही माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक. इथेही गुडघेवाल्यांचा हात असतो: "माझी तर दोन आठवड्यांत बंद केली होती." केली असेल. रिव्हारोक्साबॅनसारखी गोळी गुडघ्यानंतर साधारण दोन आठवडे आणि हिपनंतर ३५ दिवसांपर्यंत देतात. तुमची किती दिवसांची ते सर्जन सांगतील. ती चालू असताना केमिस्टकडून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखी दुखण्यावरची गोळी आणून घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉलसारख्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते, त्यामुळे पाणी, फळं आणि गरज पडल्यास इसबगोल पहिल्या दिवसापासून. मधुमेह असेल तर भेटायला येणाऱ्यांचे पेढे बाजूला ठेवा; साखर वाढली की जखम लवकर भरत नाही.

कशाला घाबरायचं, कशाला नाही

मांडीवरचे काळे-निळे डाग गुडघ्यापर्यंत, कधी घोट्यापर्यंत उतरतात. संध्याकाळी पाय सुजतो आणि सकाळी कमी होतो. एक पाय लांब झाल्यासारखा वाटतो. यातलं बहुतेक आपोआप मावळतं. लांब वाटणाऱ्या पायासाठी लगेच दुसऱ्या चपलेत जाड सोल घालू नका. स्नायू सैल व्हायला दोन-तीन महिने जाऊ द्या, मग सर्जनना मोजू द्या.

पण पोटरी कडक होऊन दुखायला लागली आणि रात्रभर झोपूनही सूज उतरली नाही, तर त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर १०८ला फोन करा, फॅमिली डॉक्टरांची वाट बघू नका. वळताना किंवा उठताना खट्कन होऊन असह्य दुखलं, पाय आखूड आणि वेडावाकडा वळलेला दिसला, टेकवताच येईना, तर सांधा निखळला असं धरा. पाय ओढून बसवायला जाऊ नका, आहे तसा ठेवून अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा, खायला-प्यायलाही देऊ नका. आणि जखमेतून पाणी येत राहिलं, भोवती लाली पसरली, ताप आला, तर कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडून अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ऑपरेशन केलेल्या सर्जनना दाखवा. औषध आधी सुरू झालं की आत कोणता जंतू आहे ते तपासात सापडणं अवघड होतं.

बाहेर पडताना

टाके काढायला, म्हणजे दहा-चौदा दिवसांनी, पहिल्यांदा बाहेर पडणं होतं. रिक्षा दिसली की लोक तीच करतात. चढायला उंच पायरी, आत अडचण आणि खड्ड्यांचे हादरे. गाडीची पुढची सीट पूर्ण मागे सरकवा, पाठ तिरकी करा, सीटवर घट्ट उशी आणि त्यावर प्लॅस्टिकची पिशवी टाका. आधी पाठ करून बसा, मागे सरका, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या. पिशवीमुळे अंग न पिळता सरकता येतं. डोंबिवलीहून परळला जायचं असेल तर मध्ये एकदा उतरून उभं राहा, आणि बसल्याबसल्या घोटे वर-खाली हलवत राहा.

दाताचं काम निघालं तर दातांच्या डॉक्टरांना हिप बदलल्याचं आधी सांगा. गणपतीत आरतीला खुर्ची घ्या, वाकून नमस्कार पुढच्या वर्षी. मांडी घालून बसता येईल का, हे तुमच्या सांध्यावर आणि सर्जनवर अवलंबून आहे. शेजारचे बसतात म्हणून बसून बघू नका.

लोकलचा प्रश्न नोकरी करणारे पहिल्याच आठवड्यात विचारतात. काठीशिवाय न लंगडता चालता येतं, जिना सहज जमतो आणि सर्जनचा होकार आहे, एवढं झाल्याशिवाय नाही. फूटबोर्डलाही जिन्याचाच नियम लागतो, चढताना चांगला पाय, उतरताना दुसरा, आणि मध्ये प्लॅटफॉर्मची फट. सकाळी साडेआठला हा क्रम पाळायला मागचा माणूस वेळ देणार नाही. म्हणून पहिले काही दिवस दुपारची गाडी, सोबत घरचं कोणी तरी, आणि ऑफिसात उशिरा येण्याची परवानगी आधीच मागून ठेवा.