ॲप घेतलं, पंचिंग मशीन बसवलं, तरी रात्रपाळीला माणूस नाही? या चुका टाळा

बदलापूरच्या पुढे आमचा 32 बेडचा वृद्धाश्रम आहे, पाळ्या आठ ते आठ, रात्री तीन मावशी आणि एक ब्रदर (पुरुष नर्स). मागच्या वर्षी ड्युटी लावायचं ॲप, थंब मशीन आणि माणूस बेडवरून उठला की वाजणारे बेडखालचे सेन्सर असं सगळं एकाच महिन्यात घेतलं आणि गणपतीतच तोंडावर आपटलो, कारण निम्मा स्टाफ कोकणातला आणि ॲपला गणपती कळत नाही.

पहिली चूक तीच. खाडा कळला म्हणजे खाड्याचा बंदोबस्त झाला असं आम्ही धरून चाललो होतो. रात्री 8 वाजून 10 मिनिटांनी मोबाईलवर लाल टिंब आलं, बरं, मग पुढे काय? टिंब काही आजींचा डायपर बदलायला येत नाही. ॲप घ्यायच्या आधी बदलीवाल्यांची यादी करा, कोण गावात राहतं, कोणाला रात्रीचं यायला जमतं, कोण फक्त रविवारी येऊ शकतं, आणि आयत्या वेळी येणाऱ्याला जास्तीचे किती द्यायचे ते आधीच ठरवून सगळ्यांना सांगून ठेवा. माणसं पुरवणाऱ्या ब्युरोला रात्री नऊला फोन केला तर जो माणूस मिळतो तो मिळतो, त्याला कुठले आजोबा गिळताना ठसकतात हेही माहीत नसतं. सणांचं म्हणाल तर आम्ही आता साधी युक्ती करतो: रेल्वेचं बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, त्याच आठवड्यात विचारायचं की तिकीट कोणी काढलं. ज्याने काढलंय तो जाणारच, तुम्ही सुट्टी मंजूर करा नाहीतर नका करू.

मग थंब मशीन. भांडी, फिनाईल, दिवसातून पन्नास वेळा हात धुणं, मावशींच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन घेतच नाही. आमच्याकडे एका मावशींचे अर्ध्या दिवसाचे पैसे असेच कापले गेले, त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पुढच्या महिन्यापासून आल्या नाहीत. दोन्ही हातांची दोन-दोन बोटं नोंदवा, नाहीतर कार्ड द्या, आणि बाजूला सहीचं रजिस्टर राहू द्या. मशीन आणि रजिस्टर जुळलं नाही तर आधी माणसाला विचारायचं, पैसे कापायचं नंतर बघू.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते सेन्सरने. आजोबा कुशीवर वळले की अलार्म, खोकले की अलार्म, चौथ्या रात्री मावशींनी पिनच काढून ठेवली आणि खरं सांगू, मीही तेच केलं असतं. बत्तीसच्या बत्तीस बेडना लावायची हौस कशाला? जे रात्री एकटे उठतात आणि ज्यांचा तोल जातो अशा चार-पाच जणांनाच लावा, विकणाऱ्याला बोलावून अलार्म थोडा उशिरा वाजेल असं सेटिंग करून घ्या (होतं ते, आपण विचारत नाही म्हणून ते सांगत नाहीत) आणि अलार्म कोणत्या मावशींच्या हातातल्या फोनवर वाजणार ते रोज ठरवा. बहुतेक जण रात्री उठतात ते लघवीला, म्हणून आम्ही अकरा आणि चारला एक-एक फेरी लावली, अलार्म आपोआप कमी झाले. आणि कृपा करून सेन्सर आला म्हणून रात्रीची एक मावशी कमी करू नका. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर बेडसोर (पडून पडून होणाऱ्या जखमा) होतात, आणि वळवायला दोन माणसं लागतात.

नोंदी दोनदा लिहायला लावू नका. वहीतही लिहा आणि ॲपमध्येही भरा म्हटलं की दोन्हीकडे मनाचे आकडे पडतात, सगळ्यांचं बीपी 120/80. एकच ठेवा. इंग्रजी स्क्रीन असेल तर मराठी करून मागा, नसेल होत तर व्हॉइस नोट चालते, मावशी बोलून फार छान सांगतात. ऑक्सिमीटर भलताच आकडा दाखवत असेल तर ब्रदरवर ओरडायच्या आधी नखं बघा, मेंदी नाहीतर नेलपॉलिश असतं किंवा हात गार पडलेले असतात.

व्हॉट्सॲपचा एकच ग्रुप, त्यात नातेवाईक, स्टाफ, ट्रस्टी आणि सुप्रभातची फुलं. "काका दुपारपासून जेवले नाहीत" हा मेसेज आमच्याकडे असाच फुलांखाली गेला होता. पाळी बदलायचा ग्रुप वेगळा करा, त्यात फक्त ड्युटीवाले, आणि तरीही पंधरा मिनिटं दोन्ही पाळ्यांनी एकत्र थांबून प्रत्येक बेडपाशी तोंडी सांगायचंच. बाथरूममध्ये किंवा कपडे बदलतात तिथे कॅमेरा नको, आणि आजींचे अर्धवट कपड्यातले फोटो मुलांना "बघा किती छान सेवा" म्हणून पाठवणं तर अजिबात नको.

लाईट गेली की राउटर जातो आणि राउटर गेला की सगळंच जातं, तेव्हा राउटर इन्व्हर्टरवर घ्या आणि आठवड्याच्या पाळ्यांची एक प्रिंट स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवा. आमच्याकडे अजूनही सगळे आधी तीच बघतात, ॲप उघडते ती फक्त मी.