नोकरी सांभाळून कायदा शिकायचाय? ॲलन पेज यांचा मार्ग बघा

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात नोकरीसाठी आलेली मराठी मुलं हमखास विचारतात, "ताई, नोकरी करत लॉ करणं झेपेल का?" दिवसा ऑफिस, संध्याकाळी वर्ग असं करत मी जेडी (अमेरिकेतली कायद्याची पदवी) पूर्ण केली आहे, त्यामुळे झेपतं एवढं ठामपणे सांगते. पण त्याआधी फुटबॉल खेळत कायदा शिकलेल्या आणि पुढे न्यायमूर्ती झालेल्या ॲलन पेज यांच्याबद्दल सांगते.

पेज १९६७ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्ज या अमेरिकन फुटबॉलच्या संघात आले. त्यांची जागा डिफेन्सिव्ह टॅकलची: समोरच्या धिप्पाड गड्यांची फळी फोडायची आणि चेंडू घेतलेल्याला लोळवायचं. १९७१ मध्ये ते एनएफएलचे, म्हणजे या खेळाच्या व्यावसायिक लीगचे, सर्वोत्तम खेळाडू ठरले. बचाव फळीतल्या खेळाडूला हा मान पहिल्यांदाच मिळाला. लॉ कॉलेजला त्यांनी आधी एकदा प्रवेश घेतला होता, पण काही आठवड्यांतच सोडलं. पुढे मिनेसोटा विद्यापीठात नव्याने सुरुवात केली आणि खेळत असतानाच १९७८ मध्ये पदवी घेतली. एकदा सोडलेलं शिक्षण पुन्हा धरायला लाजू नका, हे मी त्यांच्याकडे बघूनच सांगते.

त्याच वर्षी हंगाम सुरू असताना व्हायकिंग्जनी त्यांना काढलं. लांब पल्ल्याच्या धावण्याने वजन उतरलं होतं, ते संघाला पटेना. शिकागो बेअर्स या दुसऱ्या संघाने त्यांना अवघ्या १०० डॉलरमध्ये घेतलं. पदवी तोवर हातात होती. १९८१ पर्यंत ते खेळले आणि हंगाम नसेल तेव्हा मिनियापोलिसच्या एका लॉ फर्ममध्ये काम करत राहिले. दुसऱ्या कामाची तयारी पहिलं काम जोरात चालू असताना करायची ती यासाठी. ले-ऑफ झाल्यावर अर्ज भरायला बसणारे बघते, तेव्हा फार वाईट वाटतं.

आता व्यवहाराचं. अर्धवेळ जेडीला साधारण चार वर्षं लागतात. एच-१बी व्हिसावर नोकरी करत अर्धवेळ शिकता येतं. कंपनी फी देत असेल, तर वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच्या रकमेवर कर लागत नाही. एचआरला आधीच विचारून ठेवा. खरी कसोटी पहिल्या वर्षीच्या वाचनाची. प्राध्यापक नाव पुकारून उभं करतात आणि निकालपत्रातला एकेक धागा उसवायला लावतात. मी बसमध्ये पेन्सिल घेऊनच बसायचे. घडलं काय, वाद कशाचा, न्यायालयाने ठरवलं काय आणि का, एवढंच समासात लिहायचं. मोठमोठ्या नोट्स काढायच्या भानगडीत पडू नका.

वाचता येणं म्हणजे काय, हे पेज यांनी मैदानाच्या शेजारीच पाहिलं होतं. संघाच्या बैठकीत डावांची वही आळीपाळीने मोठ्याने वाचायची होती आणि कॉलेज करून आलेल्या काही सहकाऱ्यांना ती वाचताच येईना. १९८८ मध्ये कॅन्टन गावातल्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे फुटबॉलच्या थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात, त्यांचा समावेश झाला, तेव्हा आपली ओळख करून द्यायला त्यांनी एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला बोलावलं आणि भाषणात शिक्षणाबद्दलच बोलले. (कॅन्टन हे त्यांचं जन्मगाव. हॉल ऑफ फेमची ती इमारत उभी राहताना त्यांनी पोरवयात तिथे काम केलं होतं!) त्याच वर्षी पेज एज्युकेशन फाउंडेशन सुरू झालं. शिष्यवृत्ती घेणाऱ्याने वर्षाला ५० तास लहान मुलांना शिकायला मदत करायची, ही त्याची अट. मला ती फार आवडते.

१९९२ मध्ये त्यांना मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाची निवडणूक लढवायची होती. पण विद्यमान न्यायमूर्तींची मुदत राज्यपालांनी वाढवली आणि निवडणूकच टळली. पेज कोर्टात गेले, जिंकले, निवडणूक लढले आणि निवडून आले. त्या न्यायालयात बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय. वयाच्या सत्तरीच्या नियमाने २०१५ मध्ये निवृत्त झाले.

त्यांची निकालपत्रं राज्याच्या विधी ग्रंथालयाच्या संग्रहात फुकट वाचायला मिळतात. एलसॅटची, म्हणजे लॉच्या प्रवेश परीक्षेची, फी भरण्याआधी त्यातलं एखादं भिन्नमत (बहुमताशी असहमत होऊन लिहिलेलं निकालपत्र) अथपासून इतिपर्यंत वाचा. पुढचं वाचावंसं वाटलं, तर परीक्षेची तारीख घ्या.