बारा पायऱ्या चढताना पोरं कुठे घसरतात: या चुका टाळा

सिंधुदुर्गातल्या एका गावी, शाळा सुटल्यावर रिकाम्या होणाऱ्या वर्गात आमची मीटिंग भरते, अल्कोहोलिक्स अनॉनिमसची (एए), म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेची. व्यसनातून बाहेर यायच्या तिच्या क्रमाला बारा पायऱ्या म्हणतात. मला दारू सोडून अकरा वर्षं झाली. नाव सांगत नाही, आमच्यात तशी रीतच आहे. हल्ली व्यसनमुक्ती केंद्रातून थेट आमच्याकडे येणारी वीस-बावीसची पोरं बघतो आणि त्याच त्याच चुकांना कंटाळून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाई. रील बघायची सवय झालेल्यांना पायऱ्याही पटापट सरकवायच्या असतात.

एका पोराची गोष्ट सांगतो. वय तेवीस, केंद्रातून येऊन जेमतेम पाच आठवडे. चौथी पायरी म्हणजे स्वतःचा निर्भीड हिशोब. तो त्याने एका रात्रीत चार पानांत उरकला. पाचवीला तो हिशोब दुसऱ्या माणसापुढे मोकळेपणी मांडायचा असतो. ती पायरी गाळली. आठवीची यादी, म्हणजे आपण कुणाकुणाचं नुकसान केलं ती, मोबाइलवर झाली. आणि चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, चाकरमान्यांनी घर भरलेलं असताना, आरती संपल्या संपल्या हा उभा राहिला आणि नववी, म्हणजे केलेल्या नुकसानीची भरपाई, सुरू केली. वहिनीच्या पाटल्या मीच गहाण टाकल्या म्हणाला. इथवर ठीक होतं. पुढे, "मी आणि अमका, आम्ही दोघांनी मिळून," असं म्हणून मित्राचं नाव घेतलं. त्या मित्राचं लग्न ठरलेलं, आणि मुलीचे मामा तिथेच प्रसादाचा मोदक हातात धरून बसलेले. गौरी जायच्या आत लग्न मोडलं. हा पोरगा त्याच रात्री बांद्यापलीकडे गोव्यात गेला आणि तीन दिवसांनी सापडला.

नवव्या पायरीच्या मजकुरातच अट आहे: भरपाई करताना कुणाला इजा होणार असेल, तर ती करू नये. १९३९ साली या पायऱ्या एएच्या पुस्तकात छापून आल्या तेव्हापासून हे वाक्य तिथे आहे. पण शेवटपर्यंत वाचायला सवड कुणाला?

माझ्या हाताखालच्या पोरांना मी यादी पेनाने कागदावर लिहायला लावतो आणि पहिलं वर्षभर ती माझ्याकडे ठेवून घेतो. एएच्या सुरुवातीच्या काळात लोक पायऱ्या भराभर घेत, हे मला माहीत आहे. कुणाला तसं जमत असेल तर आनंद आहे, मी करू देत नाही. भरपाईला हात घालायचाच तर आधी नाक्यावरच्या टपरीवाल्याची उधारी. दर शनिवारी शंभर रुपये द्यायचे, भाषण न देता.

दुसरी चूक पहिल्याच पायरीवरची, म्हणजे दारूपुढे आपलं काही चालत नाही हे कबूल करण्याची. पोरगा पंचावन्न वर्षांच्या थरथरत्या हातांकडे बघतो आणि मनात म्हणतो, मी काही यांच्यासारखा नाही. मग केंद्रातल्या बायांनी-बाप्यांनी शिकवलेलं "मी हतबल आहे" हे वाक्य तो पाढ्यासारखं म्हणतो. चौथ्या आठवड्यात ऐकू येतं, "काका, मी आता बरो झालंय." अशाला मी किती प्यायचास हे विचारतच नाही. पहिला घोट पोटात गेल्यावर दुसरा तुझ्या हातात होता का, एवढंच विचारतो. दुसरं म्हणजे त्याच्याच वयाच्या, दोन वर्षं सोबर असलेल्या पोराशेजारी त्याला बसवतो. म्हाताऱ्यांनी मीटिंगमध्ये दहादा आपले अनुभव सांगून होत नाही ते चहा पिताना होऊन जातं. आणि खुर्च्या मांडायचं काम देतो. त्यासाठी अर्धा तास आधी यावं लागतं, आणि पिण्याची तल्लफ नेमकी त्याच संध्याकाळच्या वेळेला उठते.

आता भराभर.

घरी कोंडून दारू तोडू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग पायऱ्या. कुठे जायचं कळत नसेल तर १४४४६ हा सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत.

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मीटिंगमधल्या कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. "गोळ्या म्हणजे पण नशाच" असं म्हणणारे जुने शहाणे आमच्यातही आहेत. त्यांना मी बाहेर नेऊन झापतो.

ब्राउन शुगरवाल्यांनो, खंड पडल्यावर अंगाला जुना डोस झेपत नाही. स्लिप झालीच, म्हणजे पुन्हा घेतलीच, तर मरण तिथेच असतं.

रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला, म्हणजे तिसरी पायरी, स्वतःला देवाच्या हाती सोपवायची, झाली असं नाही. आणि देव मानत नाही म्हणून अडून बसायचंही कारण नाही. "आम्हाला समजलेला देव" असेच शब्द तिथे आहेत. आमच्यातला एक खलाशी समुद्रालाच मानतो, त्याचं छान चाललंय.

शिमग्याला पहिल्या वर्षी गावी जाऊ नका. पालखी पुढच्या वर्षीही नाचणार आहे.

तो चतुर्थीवाला परत आला, हे सांगायचं राहिलं. दुसऱ्यांदा केंद्रात राहिला, आता कपबश्या विसळतो. वहिनीचे पैसे महिन्याच्या महिन्याला फेडतोय. मित्राचं नाव यादीत अजून आहे, त्याच्यापुढे मी पेन्सिलीने "थांब" लिहून ठेवलंय. दर महिन्याला तो विचारतो, खोडू का?