गोळ्या देण्याआधी वजन: उपकेंद्रात आजी-आजोबांचं खाणं कसं तपासावं

मी माण तालुक्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. बीपी-शुगरच्या गोळ्या न्यायला म्हातारी माणसं दर महिन्याला येतात. त्यांची उपासमार आपल्याला तिथंच ओळखता येते, पण त्यासाठी वजन करायला हवं. मागच्या वेळचा आकडा कार्डावर पुन्हा उतरवू नका.

चप्पल, शाल, काठी बाजूला ठेवून दर वेळी त्याच काट्यावर उभं करा. नऊवारी लुगड्याचं वजन धरलं जातंच, म्हणून आकड्यापेक्षा फरक बघा. तीन महिन्यांत ३ किलोंहून जास्त उतरलं, तर ते वयामुळे झालं असं समजू नका. पायावर सूज असेल तर काटा फसवतो. उभं राहता येत नसेल तर बसवून पोटरीच्या सगळ्यात जाड भागाला टेप लावा. घेर ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर पोषण नीट तपासायलाच हवं. बांगड्या किंवा पोलकं सैल झालंय का, हेही विचारा.

‘जेवण जातं का?’ असं विचारलं की ‘जातं की’ एवढंच उत्तर मिळतं. काल उठल्यापासून काय काय खाल्लं, ते क्रमानं विचारा. आणि त्या एकट्या असताना विचारा, कारण सुनेसमोर आजी मोकळं बोलत नाहीत. मग कळतं: सकाळी चहा-बटर, दुपारी आमटीच्या पाण्यात कुस्करलेली अर्धी भाकरी, पुन्हा चहा, रात्री ‘वासनाच नव्हती’. तोंड उघडायला सांगून बघा. दात नाहीत, कवळी टोचते म्हणून डब्यात ठेवलेली, हे कारण फार वेळा सापडतं.

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान पथ्यानं होतं. शुगर म्हणून भात बंद, बीपी म्हणून मीठ पूर्ण बंद, गॅस होतो म्हणून डाळ बंद, खोकला येईल म्हणून शेंगदाणे बंद. उरतो चहा! कुणी काय बंद करायला सांगितलं ते एकेक करून लिहून घ्या आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवून त्यातलं काय सोडता येईल ते ठरवा. वजन उतरत असलेल्या पंचाहत्तरीच्या माणसाला अळणी जेवण गळी उतरत नाही, आणि न खाल्लेल्या पथ्याचा उपयोग काय? ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी चालू असून जेवण कमी झालं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, कारण शुगर एकदम खाली जाऊ शकते. बरीच वर्षं मेटफॉर्मिन ही शुगरची दुसरी गोळी घेणाऱ्यांच्या पायाला मुंग्या येत असतील किंवा जीभ गुळगुळीत, लाल झाली असेल, तर रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व तपासायला सांगा. हिमोग्लोबिन तर सगळ्यांचंच बघा.

मूत्रपिंडाचा आजार नसेल तर किलोमागे रोज निदान १ ग्रॅम प्रथिनं धरा, म्हणजे ४५ किलोच्या आजींना ४५ ग्रॅम. दोन अंड्यांत साधारण १२ मिळतात, पेलाभर दुधात ६, मूठभर शेंगदाण्यांत ७. दात नसतील तर शेंगदाण्याचं कूट भाजीत घाला. हुलग्याचं माडगं, उडदाचं घुटं, पातळ पिठलं, मुगाची मऊ खिचडी हे आपल्याच चुलीवरचं आहे, महागड्या पावडरीच्या डब्यापेक्षा आधी ते सांगा. एकदम ताटभर जात नाही, म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. चहा जेवणाला चिकटून नको, तासाभराचं अंतर ठेवा. आणि सुनेला दोष देऊ नका. तिला बरोबर घेतलं तरच ताटात बदल होतो.

मुलं मुंबईला आणि आजोबा एकटे असतील, तर एका जिवासाठी चूल पेटवायची इच्छाच राहत नाही. अशांची नावं आशाताईंना द्या. जोडीदार गेल्यापासून जेवण तुटलंय का, झोप लागते का, हेही विचारायला सांगा.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायला पाठवा. पाणी पितानाही ठसका लागत असेल, घास अडकत असेल किंवा नीट खाऊनही वजन उतरत असेल, तर पुढच्या महिन्याची वाट बघू नका. चिठ्ठीवर आधीचं वजन, आताचं वजन आणि चालू गोळ्यांची नावं लिहून त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा.