रॉम टाकताय? या चुका टाळा, आणि आधी एरर वाचा

दिवाळीनंतर कापसाचे पैसे आले की घरात नवा मोबाईल येतो आणि जुना पोट्ट्यांच्या ताब्यात जातो. थोड्याच दिवसांत तोच मोबाईल माझ्या टेबलावर. "चालूच नाही होऊन राह्यला भाऊ." काय केलं होतं? "काईच नाही. फक्त रॉम टाकली."

रॉम टाकायला, म्हणजे फोनची सिस्टिम बदलायला, माझी ना नाही. कंपनीनं अपडेट बंद केलेल्या फोनवर लिनिएजओएस ही अँड्रॉइडवर बेतलेली मोफत रॉम नीट बसवली तर तो अजून काही वर्षं आरामात चालतो. मला राग आहे तो घाईचा. व्हिडिओ दुप्पट वेगानं पाहायचा, आणि आपल्या फोनसाठी ज्या पानावर सूचना लिहिल्या आहेत ते पान उघडायचंच नाही, अशी आपल्याकडची रीत झाली आहे.

एरर आला म्हणून एररच खोडून टाकणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलतो.

रेडमी नोट 5 घ्या. 2018 मध्ये भारतात नोट 5 आणि नोट 5 प्रो असे दोन फोन आले. पहिल्याचं कोडनेम (मॉडेलचं आतलं नाव) विन्स, दुसऱ्याचं व्हायरेड. बाहेरच्या देशांत मात्र व्हायरेडच 'रेडमी नोट 5' या नावानं विकला गेला. त्यामुळे नुसतं 'रेडमी नोट 5 रॉम' शोधलं की दोन्हीच्या फाइली समोर येतात. विन्सवर व्हायरेडची झिप (रॉमची फाइल) टाकायला गेलात तर रिकव्हरी (रॉम टाकायचा फोनमधला वेगळा मेनू) एरर 7 दाखवून अडवते: हे पॅकेज त्या फोनचं आहे, तुमचा फोन हा आहे. इतकं स्पष्ट लिहिलेलं असतं. पोट्टे काय करतात? झिप उघडतात, अपडेटर-स्क्रिप्टमधली असर्टची, म्हणजे मॉडेल तपासणारी, ओळ खोडतात आणि पुन्हा तीच फाइल फ्लॅश करतात, म्हणजे फोनमध्ये टाकतात. कधीकधी हा एरर जुन्या रिकव्हरीमुळे किंवा जुन्या फर्मवेअरमुळेही (मोडेम वगैरे भागांचं कंपनीचं सॉफ्टवेअर) येतो, मान्य. मग रिकव्हरी नवी टाका, फर्मवेअर नवं टाका. गेटवरचा चौकीदार हाकलून गोदामात माल कशाला घुसवता?

दारव्ह्याकडच्या एका खेड्यातला पोट्टा बापाचा नोट 5 प्रो घेऊन आला होता. नवी एमआययूआय (रेडमी बनवणाऱ्या शाओमीची सिस्टिम) त्याला जड वाटत होती, म्हणून जुनी, एमआययूआय 9 च्या काळातली फास्टबूट (कॉम्प्युटरवरून केबलनं आज्ञा द्यायचा मोड) मधून टाकायची रॉम उतरवली आणि कॉम्प्युटरवर तिची फ्लॅश-ऑल फाइल चालवली. काळ्या खिडकीत इंग्रजीत ओळ आली: फोनचा अँटी-रोलबॅक (जुन्या आवृत्तीवर जाऊ न देणारा) आकडा या पॅकेजपेक्षा मोठा आहे. काम तिथंच थांबलं. यानं व्हिडिओ पाहून ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली, वरच्या तपासणीच्या ओळी पुसल्या, सेव्ह केली आणि पुन्हा चालवली. या वेळी सगळं 'ओके' दाखवत शेवटपर्यंत गेलं. फोन बंद झाला तो झालाच. पॉवरचं बटन दाबा, आवाजाचं दाबा, साधी थरथरसुद्धा नाही. माझ्या लॅपटॉपला लावला तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये क्वालकॉम 9008 एवढंच दिसलं, म्हणजे प्रोसेसरचा आणीबाणीचा मोड.

झालं काय, तर शाओमीनं 2018 मध्ये या मॉडेलवर अँटी-रोलबॅक आणलं. नव्या अपडेटबरोबर फोनच्या आत एक आकडा चढतो, आणि चढलेला आकडा खाली येत नाही. या फोनचा आकडा 4 होता, जुन्या रॉमचा त्याहून कमी. बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम) जुना दिसला की प्रोसेसर तो उचलतच नाही. 9008 मधून फोन परत आणायला कंपनीनं परवानगी दिलेलं खातं लागतं. मागचं झाकण उघडून टेस्ट पॉइंट (बोर्डवरचे 9008 मध्ये नेणारे बिंदू) जोडला तरी गाडी त्या खात्यापाशीच अडते. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी मदरबोर्ड बदलायला सांगितला. त्या पैशात सेकंडहँड फोन आला असता. बाप पोट्ट्याकडे पाहून म्हणाला, "काऊन बे, त्यानं नाही म्हटलं होतं ना तुले? मंग?" त्याला ना रॉम कळत होती ना बूटलोडर, पण मुद्दा बरोबर कळला.

माझी सवय साधी आहे. कुठलाही फोन हातात आला की आधी फास्टबूटमध्ये नेतो, 'फास्टबूट गेटव्हार प्रॉडक्ट' टाकतो (कोडनेम कळतं), शाओमीचा असेल तर 'फास्टबूट गेटव्हार अँटी' पण टाकतो (अँटी-रोलबॅकचा आकडा कळतो), आणि दोन्ही उत्तरं वहीत लिहितो. डब्यावरच्या नावावर माझा विश्वास नाही. सेटिंगमधल्या नावावर तर त्याहून नाही, कारण आधीच कुणी कस्टम रॉम टाकली असेल तर ती सांगेल तेच नाव तिथं दिसतं.

बॅकअप घेतला, पण त्याच फोनमध्ये

"बॅकअप घेतला होता ना भाऊ!" कुठं? "फोनमध्येच." टीडब्ल्यूआरपी या रिकव्हरीतून घेतलेला बॅकअप इंटरनल मेमरीत ठेवला, मग रॉमच्या सूचनेप्रमाणे फॉरमॅट डेटा दाबून 'येस' टाइप केलं, की फोटो, गाणी आणि बॅकअप सगळंच साफ. नुसतं वाइप आणि फॉरमॅट यांत फरक आहे. नेहमीच्या वाइपमध्ये इंटरनल मेमरी राहते, फॉरमॅटमध्ये राहत नाही.

फोटो गेले तर माणूस चार दिवस हळहळतो. ईएफएस (नेटवर्कची माहिती ठेवणारा मेमरीचा भाग) खराब झालं तर आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) जातो, *#06# दाबल्यावर शून्य दिसतो आणि सिम असून नेटवर्क नाही. परसिस्ट (सेन्सरची माहिती ठेवणारा भाग) गेलं की सेन्सर बिनसतात. हे भाग काही एमबींचेच असतात. रॉमला हात लावायच्या आधी ते कॉम्प्युटरवर काढून घ्या. मी पेनड्राइव्हवर ठेवतो आणि फाइलला कोडनेम नि गिऱ्हाईकाचं आडनाव देतो. आणि दुसऱ्याच्या फोनची ईएफएस फाइल मागायला माझ्याकडे येऊ नका. आयएमईआयशी छेडछाड हा गुन्हा आहे, 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

वीज, वायर, नेट

गावात लाइन कधी जाईल याचा नेम नाही. इन्व्हर्टर नसलेल्या डेस्कटॉपवरून फ्लॅश करू नका. लॅपटॉप घ्या, आणि फोन निम्म्याच्या वर चार्ज असू द्या. बाजाराच्या दिवशी घेतलेल्या स्वस्त केबलमध्ये बऱ्याचदा चार्जिंगच्याच तारा असतात, डेटाच्या नसतातच. तासभर ड्रायव्हर शोधत बसण्यापेक्षा आधी केबल बदला. फास्टबूट निळ्या यूएसबी 3 पोर्टवर अडखळत असेल तर काळ्या यूएसबी 2 पोर्टला लावा. टॉवर येत-जात असताना उतरवलेली एक जीबीची झिप 'पूर्ण' दिसली तरी अर्धवट असू शकते. पानावर दिलेला एसएचए-256 (फाइल जशीच्या तशी आली का ते दाखवणारा कोड) विंडोजच्या सर्टयुटिल या कमांडनं जुळवून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे, पण कुणी करत नाही.

मॅजिस्क आणि बाकीचं

मॅजिस्क म्हणजे फोन रूट करायचं, म्हणजे सिस्टिमवर पूर्ण ताबा घ्यायचं साधन; मॉड्यूल म्हणजे त्यातून टाकायचे जोड-बदल. मॉड्यूल एका वेळी एकच टाका. एकदम पाच टाकली आणि बूटलूप आला (फोन सुरूच न होता पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिला) तर कुणाला धरणार? सेफ मोडमध्ये फोन चालू करता आला तर मॅजिस्क सगळी मॉड्यूल बंद करतो. तेही जमलं नाही तर त्याच बिल्डची मूळ बूट इमेज (फोन सुरू करणारी फाइल, मॅजिस्क हिच्यातच बसतो) फ्लॅश करा. म्हणून ती हाताशी ठेवा. टेलिग्रामवरून दुसऱ्याची पॅच केलेली (मॅजिस्क घातलेली) बूट इमेज उचलू नका.

बूटलोडर अनलॉक केला (कस्टम, म्हणजे बाहेरची, रॉम टाकायला तो करावा लागतो) की फोनमधलं सगळं जातं. कस्टम रॉम असताना तो पुन्हा लॉक केला तर फोनचा डब्बा होऊ शकतो, तेव्हा लॉकच्या वाटेला जाऊ नका. लिनिएजमध्ये गूगलची ॲप नसतात. जीॲप्स (त्याच ॲपचं पॅकेज) रॉमच्या मागोमाग, फोन पहिल्यांदा चालू व्हायच्या आधी टाका, आणि अँड्रॉइडची आवृत्ती व आर्म-64 (प्रोसेसरचा प्रकार) जुळतं का ते बघा. सॅमसंगवर एकदा नॉक्सचा (कंपनीच्या सुरक्षा व्यवस्थेचा) फ्यूज उडाला की परत येत नाही, सगळं मूळचं टाकलं तरी.

घरात एकच स्मार्टफोन असेल तर

हात लावू नका. रूट दिसलं की अनेक बँकांची ॲप उघडत नाहीत, गूगलच्या प्ले इंटिग्रिटी तपासणीत फोन नापास होतो. लपवायची मॉड्यूल आहेत, आज चालतात, उद्या बंद पडतात. बियाण्याचे पैसे द्यायला बाप कृषी केंद्रात उभा आणि यूपीआय उघडत नाही, हे मी पाहिलं आहे. ई-पीक पाहणीची मुदतही तुमच्या बूटलूपसाठी थांबत नाही. म्हणून रूट करायला कुणी आलं की माझा पहिला प्रश्न असतो: घरी दुसरा फोन आहे? नसेल तर परत पाठवतो, कितीही पैसे दे म्हणो.

शिकायचंच असेल तर स्नॅपड्रॅगनवाला रेडमी नोट 4 कुठंतरी पडलेला असेल, तो घ्या. त्याचं कोडनेम मिडो, रॉमही भरपूर. त्याच नावाचा मीडियाटेकवाला फोन बाहेरच्या देशांत विकला जायचा, तो निकेल. त्याच्या फाइली उतरवू नका. आणि मागचं झाकण वर आलेलं दिसलं तर आधी बॅटरी बदलून घ्या, मग रॉमचं बोलू.