क्लाउडवर डॉकिंग: हजार कोर भाड्याने घेण्याआधी या चुका टाळा

डॉकिंग म्हणजे एखादा छोटा रेणू प्रथिनात कसा आणि किती घट्ट बसेल, हे संगणकावर अजमावणं. समजा, असे १० लाख रेणू तपासायचे आहेत आणि ऑटोडॉक व्हिना या डॉकिंगच्या प्रोग्रॅमला एका रेणूसाठी प्रोसेसरच्या एका कोरवर ३० सेकंद लागतात. एकाच कोरवर हे काम जवळपास वर्षभर चालेल. हजार कोर लावले तर साडेआठ तासांत उरकेल. मोह पडतो तो इथेच.

सगळ्यात महागडी चूक मशीन सुरू होण्याआधीच झालेली असते. प्रथिनातल्या हिस्टिडिन या अमिनो आम्लाचं प्रोटोनेशन (त्यावर हायड्रोजन कुठे बसतो ते) चुकलं, लिगंडला (प्रथिनात बसणाऱ्या रेणूला) धरून ठेवणारं पाणी सरसकट काढून टाकलं किंवा शोधाची चौकट प्रथिनातल्या खिशावरून (लिगंड बसतो त्या खळगीवरून) सरकली, तरी व्हिना कुरकुर करत नाही. १० लाख स्कोअर (कोणता रेणू किती घट्ट बसेल याचे अंदाज) मुकाट हाती ठेवतो. म्हणून स्फटिकरचनेतला मूळ लिगंड काढून आधी तोच पुन्हा डॉक करा. आरएमएसडी, म्हणजे मूळ जागेपासून अणू सरासरी किती सरकले ते अंतर, २ अँगस्ट्रॉमच्या आत यायला हवा. मग माहीत असलेले सक्रिय रेणू डिकॉयमध्ये (त्यांच्यासारखेच दिसणारे, पण निष्क्रिय मानलेले रेणू) मिसळून चालवा. डीयूडी-ई संग्रहात १०२ लक्ष्य-प्रथिनांसाठी असे संच तयार आहेत. सक्रिय रेणू यादीत वर येत नसतील, तर पैसे खर्चच करू नका.

काम संथ चाललंय? बहुतेक वेळा कोरांची भांडणं असतात. सांगितलं नाही तर व्हिना दिसतील तेवढे सगळे कोर घेतो. ३२ कोरांवर ३२ कामं सोडली की शेकडो थ्रेड (एकाच वेळी चालणारे गणनेचे धागे) एकमेकांना ढकलत बसतात. प्रत्येक कामाला सीपीयू १, म्हणजे एकच कोर वापर, असं बजावून सांगा.

प्रत्येक रेणूची पीडीबीक्यूटी फाइल (व्हिना वाचतो ती रेणूची फाइल) सुटी ठेवली, तर एकेक उचलण्यातच वेळ जातो, शिवाय क्लाउडच्या साठ्यातून फाइल मागण्याच्या विनंत्यांचं बिल वेगळं. गठ्ठे बांधा, पण बेताचे. स्वस्त स्पॉट मशीन, म्हणजे क्लाउड कंपनीने सवलतीत दिलेलं रिकामं मशीन, कधीही काढून घेतलं जातं. अ‍ॅमेझॉन २ मिनिटं आधी कळवतं, गूगल जेमतेम ३० सेकंद. पंधरा-वीस मिनिटांत संपेल एवढाच गठ्ठा ठेवा, निकाल लगेच बाहेर लिहा.

क्लाउडऐवजी बॉइंकवर (लोकांच्या घरच्या संगणकांवर काम वाटणारी प्रणाली) स्वयंसेवकांची मशीन वापरत असाल, तर तेच काम दोघांकडे पाठवून निकाल जुळवा. सीड (यादृच्छिक शोध जिथून सुरू होतो तो आकडा) ठरलेला हवा, आणि दशांशातल्या बारीक फरकाला थोडी सूटही.

यादी हाती आली की आधी रेणूंचे आकार बघा. मोठ्या रेणूंना स्कोअर फुकटात चांगला मिळतो. वरचे शंभर सगळे लांबलचक असतील, तर जड अणूंच्या (हायड्रोजन सोडून बाकीच्या) संख्येने स्कोअरला भागून पुन्हा क्रम लावा.

आणि हो, मशीन बंद केलं तरी डिस्कचं भाडं चालूच राहतं. ती वेगळी पुसा.